पुठ्ठ्यातला फेणे

इंग्रजी बालरहस्यकथा जमवणाऱ्याचं एक बरं असतं. काय शोधायचं ते प्रकाशकानेच ठरवून ठेवलेलं असतं. नॅन्सी ड्रू १९३० साली अमेरिकेत आली ती निळ्या कापडी बांधणीत, वर रंगीत वेष्टन घालून. १९५९पासून त्या मालिकेतल्या जुन्या कथा छाटून नव्याने लिहिल्या गेल्या, म्हणून मूळ मजकुराच्या निळ्या प्रतीला भाव. वेष्टन शाबूत असेल तर विचारूच नका. फेमस फाइव्हची १९४२ ते १९६३ या काळातली २१ पुस्तकं आणि त्यांतली आयलीन सोपरची चित्रं हेही असंच आखीव प्रकरण. खरा हेवा वाटतो तो बंगाल्यांचा. फेलूदा १९६५ साली ‘संदेश’ मासिकात अवतरला आणि पुढे पुस्तकरूपाने आला तो सत्यजित राय यांनीच काढलेली मुखपृष्ठं आणि चित्रं घेऊन. लेखकच चित्रकार म्हटल्यावर जमवणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

आमच्या वाट्याला आला फास्टर फेणे. पातळ, कागदी मुखपृष्ठाचा, दप्तरात मुडपून बसणारा. तरीही घट्ट पुठ्ठ्यातला फेणे असतो, फक्त तो प्रकाशकाने काढलेला नसतो. तो वाचनालयाच्या बाइंडरने केलेला असतो. जाणकार अशा प्रतीकडे नाक मुरडतात. कडा कापलेल्या, मुखपृष्ठ गेलेलं, शिक्क्यांनी भरलेली प्रत कोण घेणार? मला मात्र तीच मराठी बालसाहित्याची अस्सल पुठ्ठाबांधणी वाटते आणि मी तीच जमवतो.

बालाघाटात राहून हा नाद करणं जरा अवघडच. इथे शाळा हिंदी, बाजार हिंदी, घरात मराठी नाहीतर पोवारी. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. वैनगंगा तेवढी आपली भंडाऱ्याकडे वाहत राहिली. पोरांच्या हाती असायच्या एस. सी. बेदींच्या राजन-इकबालच्या हिंदी रहस्यकथा, दिवसाच्या किरायाने मिळणाऱ्या. फेणे यायचा तो गोंदियाहून, छोट्या लाइनच्या गाडीने, एखाद्या मावशीच्या पिशवीतून. फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांचा जन्म १९१०चा, इंदूरचा. म्हणजे आमच्याच प्रदेशातला माणूस, असं म्हणायची सोय आहे. तेव्हा इंदूर होळकरांचं संस्थान होतं आणि बालाघाट इंग्रजांच्या मध्य प्रांतात, पण अभिमानाला एवढा तपशील परवडत नाही.

नागपूरच्या एका रद्दीवाल्याकडून आणलेला एक खंड या जमवाजमवीतला माझा लाडका. चार पुस्तकं एकात शिवलेली : ‘चिंकूचे चाळे आणि फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘जवानमर्द फास्टर फेणे’ आणि ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’. पुठ्ठ्यावर अबरी कागद, पाठीला आणि कोपऱ्यांना तांबडं कापड. पाठीवर पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलंय ‘फा. फेणे १-४’. हा आकडा मालिकेतल्या क्रमाचा नव्हे, बाइंडरच्या हाती आलेल्या गठ्ठ्याचा. जुजांची, म्हणजे दुमडलेल्या छापील घड्यांची, शिलाई करायला पातळ पुस्तकांत जुजच पुरेसे नव्हते, म्हणून त्याने सरळ समासातून दाभण घालून आरपार भोकं पाडली आणि सगळी चळत एका दोऱ्यात ओवून टाकली. खळीत मोरचूद घातलेला असणार, कारण इतक्या वर्षांत कसर शिरलेली नाही. (मोरचूद तांब्याचा, आणि तांब्याची मोठी खाण आमच्याच जिल्ह्यात मलाजखंडला. उगाच सांगितलं.)

या शिलाईने आतला समास गिळला. पुस्तक सपाट उघडत नाही. डाव्या पानावर ओळीची शेवटची आणि उजव्या पानावर पहिली दोन अक्षरं दरीत जातात आणि अंगठ्याने पान दाबून धरावं लागतं. कटिंगच्या वेळी बाहेरची कडाही गेली आणि एका चित्रात सायकलचं मागचं चाक अर्धंच उरलं. पण बाइंडरच्या या हडेलहप्पीने नकळत एक भलतीच गंमत केली आहे. मधली मुखपृष्ठं काढून टाकल्यामुळे एक गोष्ट संपते त्याच्या समोरच्याच पानावर दुसरी उभी असते. प्रतापगड उतरला की विश्रांती नाही. आणि हे भागवतांच्या लिहिण्याला इतकं मानवतं की वाटावं, त्यांनीच असं शिवून घेतलंय.

कारण फेणेच्या गोष्टींत बसायला जागाच नाही. फेलूदा विचार करतो, चारमिनार ओढतो, मग उठतो. फेमस फाइव्ह सँडविचं खातात, मग गुहेत शिरतात. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनातला हा काटकुळा पोरगा, आधी धावतो आणि धावता धावता त्याला सुचतं. सुभाष देसाईसारखा मित्र सोबत असला तरी तो अर्धं पाऊल मागेच. भागवतांची वाक्यं आखूड, संवाद एकमेकांच्या अंगावर पडणारे, मध्येच निवेदकाची कोपरखळी. आणि तो प्रसिद्ध ‘ट्टॉक्’. तो नुसता तकियाकलाम नाही. डोक्यातलं कोडं सुटतं आणि पाय उचलतो, नेमक्या त्या सांध्यावर तो वाजतो. मोठ्याने वाचणारं पोर तिथे जीभ टाळूला लावतंच. वाचनातून बाहेर न पडता त्याला गोष्टीत अंगाने सामील होता येतं. माझ्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीने एकूण एक ‘ट्टॉक्’ला गोल केलाय. गुलमर्गपर्यंत येता येता गोल घाईघाईचे होत जातात. या वाचकाला मी चांगला समीक्षक मानतो.

दुसरी गोष्ट मला अधिक मोठी वाटते. फेमस फाइव्हचं पहिलं पुस्तक १९४२चं, महायुद्ध ऐन भरात; पण त्यातल्या बेटावर युद्धाचा मागमूस नाही. बहुतेक बालमालिका दिनदर्शिकेच्या बाहेर राहतात, तेच त्यांचं सुख. भागवतांनी मात्र ‘फास्टर फेणेचा रणरंग’मध्ये पोराला थेट १९६२च्या चिनी आक्रमणाशी नेऊन भिडवलं. आणि नॅन्सी ड्रूची लेखिका कॅरोलिन कीन नावाची बाई मुळात नव्हतीच. एका संस्थेने घेतलेलं ते टोपणनाव, सुरुवातीची पुस्तकं मिल्ड्रेड वर्टने मोबदला घेऊन लिहिलेली. इथे उलट, भागवत स्वतःच गोष्टीत डोकावतात. फेणे त्यांना भेटतो, म्हणजे फेणे खरा असणारच, हा हिशेब दहा वर्षांच्या वाचकाला बिनतोड वाटतो. योगायोगांची रेलचेल आहे, खलनायक बहुतेक कचकड्याचे आहेत आणि देशभक्तीचा सूर लागला की भाषण व्हायला वेळ लागत नाही, हे आता दिसतं. तरी पान उलटायचं थांबत नाही.

अशा प्रतीचं आणखी एक सुख म्हणजे तिच्यातच एक छोटी रहस्यकथा दडलेली असते. वाचनालयं एका ठरावीक आतल्या पानावरही शिक्का मारतात; पहिलं पान फाडून पुस्तक लाटणाऱ्याला पकडायची ती युक्ती. या खंडात तो शिक्का चार वेळा येतो, प्रत्येक पुस्तकात त्याच क्रमांकाच्या पानावर, आणि दाखल क्रमांकही चार वेगळे. म्हणजे चौघं आधी सुटे फिरले, फाटायला आले, तेव्हा एकत्र शिवले गेले. देय तारखांच्या चिठ्ठीवर एप्रिल-मेची नुसती गर्दी आणि जूनच्या मध्यानंतर शुकशुकाट. गावाचं नाव मात्र शिक्क्यात पुसलं गेलंय; ‘सार्वजनिक’ एवढंच वाचता येतं, आणि त्यावरून शोध कसला घेणार!

नुसतं वाचायचं असेल तर उत्कर्ष प्रकाशनाचा वीस पुस्तकांचा संच घ्यावा. अक्षर स्वच्छ, समास शाबूत. फेणे आता पुस्तकापुरता राहिलेलाही नाही. दूरदर्शनवर १९८७ साली सुमीत राघवन फेणे झाला आणि २०१७च्या चित्रपटात अमेय वाघ. तिथला फेणे मोठा झालेला होता आणि दिलीप प्रभावळकर भागवत होऊन त्याच्यासोबत होते. ते ठीकच.

जमवणाऱ्यांतले काहीजण सल्ला देतात की खंड सोडवून चारही पुस्तकं सुटी कर, किंमत वाढेल. वाढणार नाही. दाभणाच्या भोकांची रांग म्हणजे पान फाडायची तयार रेघ. त्यातून कागद आधीच ठिसूळ, दोरा ओढला की पानं तिथूनच तुटतील. शिवाय मुखपृष्ठं तीन गेलेलीच आहेत. चौथं बाइंडरने उलटं करून शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलंय, कोरी बाजू वर. उजेडात नीट पाहिलं तर पलीकडचा लाल रंग जाणवतो. ते वाफेने सुटेल म्हणतात. पण खळीत मोरचूद असताना वाफ देणं मला धोक्याचं वाटतं, त्यामुळे ते तसंच राहू दिलंय. दरीत गेलेली अक्षरं मात्र नव्या संचावरून बघून बाहेरच्या समासात पेन्सिलीने उतरवतोय. चिंकू आणि प्रतापगड झाले, ‘जवानमर्द’ सुरू आहे.