तोच साचा, काळा रंग

मंडळी, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी प्रवासवर्णनं असतात, पाककृती असतात, कुणाच्या तरी आजीवर एक हळवा लेख असतो. नाटकाची आणि मैफिलीची समीक्षाही येते. खेळण्याची समीक्षा मात्र मी अजून वाचलेली नाही. तेव्हा संपादकांनी "काहीही लिही, पण वेळेत दे" असं म्हटल्यावर मी ती संधी सोडली नाही. विषय आहे स्कायवॉर्प: काळ्या-जांभळ्या रंगाचं एक लढाऊ विमान. घड्या उलगडत गेलं की त्याचा दोन पायांवर उभा राहणारा यंत्रमानव होतो. ट्रान्सफॉर्मर्स हे नाव तुमच्या मुलांना ठाऊक असेलच. नसेल तर २००७ चा सिनेमा आठवा, किंवा आठवू नका. त्यात स्टारस्क्रीमला एफ-२२ करून टाकलं होतं आणि आमच्यासारख्या जुन्या भक्तांना ते अजून पचलेलं नाही.

आमच्या घरात या स्कायवॉर्पवर एक गंभीर आरोप आहे. त्याच्या शेजारी स्टारस्क्रीम उभा असतो. दोघांचं नाक तेच, पंख तेच, सांधे तेच, चेहराही तोच. फरक फक्त रंगाचा. "एकच खेळणं दोनदा घेतलंस, तेही डॉलर मोजून," हे वाक्य मी वर्षातून चारदा तरी ऐकतो, आणि पाहुणे आले की पाचव्यांदा. यंदा आम्ही लहान घरात राहायला जातोय. कपाटं कमी झाल्यामुळे दोनपैकी एकच विमान ठेवायचं असं ठरलं. मुलीने निकालही देऊन टाकला: "ओरिजिनल ठेव, कॉपी वीक." म्हणून हा लेख. कॉपी कशाला म्हणायचं, हे आधी ठरवायला हवं.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९८४ साली हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीच्या दोन खेळणीमाला उचलल्या, डायक्लोन आणि मायक्रो चेंज. त्या एकत्र करून तिने ट्रान्सफॉर्मर्स हे नाव दिलं. डायक्लोनमध्ये एक एफ-१५ विमान होतं. मूळ कल्पनेत तो यंत्रमानव जिवंत नव्हता, ते माणसाने चालवायचं यंत्र होतं. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, पायात लोहचुंबक असलेला छोटा वैमानिक त्याच्याबरोबर यायचा. अमेरिकेत यंत्रमानव स्वतःच बोलू-भांडू लागला, त्यामुळे वैमानिकाची गरज संपली. पण साचा कोण बदलणार? १९८४ चं खेळणं हातात घेऊन कॉकपिटची काच उघडा, आत त्याची जागा अजून तशीच आहे. माणूस गेला, खुर्ची राहिली. मला या खेळण्यातली सगळ्यात आवडती जागा कुठली असं विचारलंत तर ती हीच.

पहिल्याच वर्षी हॅस्ब्रोने या एका साच्यातून तीन पात्रं काढली. करडा-लाल-निळा तो स्टारस्क्रीम, निळा तो थंडरक्रॅकर आणि काळा तो स्कायवॉर्प. १९८५ साली पंख आणि शेपटी बदलून आणखी तिघे आले: रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज. म्हणजे मुलीच्या निकालातल्या 'ओरिजिनल'चा आधार इथेच सुटतो. स्टारस्क्रीम आधी आणि स्कायवॉर्प मागून, असं दुकानात कधी झालंच नाही. तिघे एकाच वर्षी आले, आणि तिघेही एका जपानी विमानाचे वारसदार. स्टारस्क्रीम मोठा झाला तो साच्यामुळे नव्हे, कार्टूनमध्ये त्याला संवाद जास्त मिळाले म्हणून.

आता तीन भाऊ दिसायला सारखे असतील तर मुलांनी तिघेही का घ्यावेत? इथे एका लेखकाचं श्रेय आहे. मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी या पात्रांचे स्वभाव लिहिले. खोक्याच्या मागे दोन-चार ओळींचा परिचय असायचा आणि शक्ती, वेग, बुद्धी दाखवणारा एक आलेख असायचा. तो आलेख नुसत्या डोळ्यांना वाचता येत नसे, सोबतची लाल पारदर्शक पट्टी वर धरावी लागे. स्टारस्क्रीमला मेगाट्रॉनची गादी हवी असते. थंडरक्रॅकरला आपल्या पक्षाच्या लढाईबद्दलच शंका असते. स्कायवॉर्प हा खोडकर, वात्रट. एका जागी नाहीसा होऊन दुसरीकडे प्रकट व्हायचं आणि आपल्याच लोकांची फजिती करायची, हा त्याचा छंद. डोकं बेताचं, मेगाट्रॉनने लक्ष ठेवलं नाही तर उपयोग शून्य. एकाच नमुन्याच्या प्लॅस्टिकला तीन वेगळे स्वभाव मिळाले, आणि रंग त्या स्वभावांना शोभले. अंधारातून अवचित प्रकट होणाऱ्याला काळा रंग द्यायचा, ही निव्वळ काटकसर म्हणता येईल का?

काटकसर होती, हे मात्र खरं, आणि ती कशी चालते ते कळलं की आरोपातली अर्धी हवा जाते. प्लॅस्टिक खेळण्यात सगळ्यात महाग असतो तो पोलादी साचा. प्लॅस्टिकचे दाणे स्वस्त असतात, आणि काळ्याऐवजी निळे दाणे ओतायला फार काही लागत नाही. पण त्यात एक मेख आहे. एका साच्यात बरेच भाग एकत्र ओतले जातात आणि त्या सगळ्यांना एकच रंग मिळतो. दोन शेजारी भाग वेगळ्या रंगाचे हवे असतील तर ते वेगवेगळ्या साच्यांत बसवावे लागतात, नाहीतर वरून रंग मारावा लागतो, आणि तो सांध्यावर घासून निघतो. त्यामुळे उद्या या खेळण्याची कुठली कुठली रूपं निघू शकतील, याचा विचार साचा मांडतानाच करावा लागतो. आमच्या धंद्यात कॉन्फिगरेशनवर चालणारं सॉफ्टवेअर लिहितात, तसंच. चांगला रिकलर आणि टाकाऊ रिकलर यांत फरक पडतो तो इथे. टाकाऊ रिकलरमध्ये जिथे साचा परवानगी देतो तिथे रंग बदलतो. चांगल्यात जिथे आकार मागतो तिथे.

हे ऐकून कुणी नाक मुरडत असेल तर त्याने पेणला जाऊन यावं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. आपण मात्र रांगेत उभ्या मूर्तींमधून "हा नको, तो" असं म्हणतोच ना? पितांबराचा रंग, शेल्याची छटा आणि सगळ्यात शेवटी जाणत्या हाताने केलेली डोळ्यांची आखणी यांवर आपली निवड ठरते. घरी आणलेल्या गणपतीला "शेजाऱ्यांच्या गणपतीची कॉपी" असं म्हणायची हिंमत कुणी करून बघावी.

आणि रिकलरच्या बाबतीत आपला गोवा तर जगप्रसिद्ध आहे, हे इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी निघाली. तिच्या गोव्यातल्या कारखान्याने जी. आय. जो चे सैनिक बनवले. अमेरिकेतून आलेल्या साच्यांत इथे जे रंग ओतले गेले ते अमेरिकेत कुणी पाहिलेही नव्हते. हिरव्याचा पिवळा, करड्याचा निळा, एकाचे हात दुसऱ्याला. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांकडे एकाच नावाचे सैनिक होते आणि त्यांच्या विजारी वेगळ्या रंगाच्या, त्यावरून मारामारी झाल्याचं मला आठवतं. आज अमेरिकेतले संग्राहक हेच भारतीय सैनिक मुद्दाम शोधतात. आपल्याला जे 'तिकडच्यासारखं नाही' म्हणून दुय्यम वाटायचं, तेच तिकडच्यांना हवंय.

आता मुख्य खेळण्याकडे येतो. माझ्याकडची दोन्ही विमानं मास्टरपीस या मालेतली आहेत. २००३ पासून सुरू झालेली ही टाकाराची माला मोठ्या माणसांसाठी, आणि किमतीही मोठ्या माणसांच्या. या मालेतल्या स्टारस्क्रीमच्या रचनेत शोजी कावामोरी यांचा हात होता. मॅक्रॉसची विमानं ज्यांनी रचली तेच हे. विमानावर त्यांचं प्रेम आहे आणि ते लपत नाही. विमान अवस्थेत हे खेळणं अप्रतिम आहे: चाकं बाहेर येतात, काच उघडते, पत्र्याच्या जोडांच्या बारीक रेषा अंगभर कोरलेल्या. पण हेच प्रेम यंत्रमानवाला महागात पडलं. एफ-१५ च्या हवा घेणाऱ्या दोन पेट्या आहेत तशाच ठेवायच्या म्हणून त्या कमरेला दोन्ही बाजूंनी लटकतात. लोकलमधून दोन पिशव्या घेऊन उतरणाऱ्या माणसासारखा हा वीर दिसतो.

त्यावर कडी म्हणजे कावामोरींना खऱ्या लष्करी विमानाचा भास हवा होता. म्हणून जपानी स्टारस्क्रीमला हिरवट करडा रंग मिळाला. कागदावर कल्पना योग्य असेल. पण त्या फिक्या रंगावर सगळ्या कोरीव रेषा एकदम ओरडू लागतात आणि कमरेच्या पिशव्या आधी दिसतात. शिवाय गादीसाठी कट करणारा, नाटकी, आवाज चढवून बोलणारा स्टारस्क्रीम या रंगात सरकारी कचेरीतल्या कपाटासारखा दिसतो.

मग त्याच साच्यात स्कायवॉर्प आला. एक खिळा बदलला नाही, आणि खेळणं सुधारलं! काळ्यावर रेषा मागे सरतात, दिवा तिरका पडला तरच उमटतात. कमरेच्या पेट्या पायांच्या सावलीत मिसळतात. जांभळा नेमका तिथे येतो जिथे डोळ्याला जोड सापडायला हवा, म्हणून उभा राहिल्यावर आकृती एकसंध वाटते. रचनाकाराची चूक रंगाने झाकली, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं वेगळं आहे. या साच्याला कुठला रंग हवा होता, ते दुसऱ्या खेपेला सापडलं. टाकारालाही पहिल्या रंगाबद्दल फार खात्री नसावी, कारण २०१२ साली त्यांनी स्टारस्क्रीम पुन्हा काढला तेव्हा कार्टूनचे रंग दिले आणि कमरेचं लटकणंही दुरुस्त केलं. सोबत १९८६ च्या चित्रपटातल्या राज्याभिषेकाचा मुकुट दिला. तो मुकुट घालून चित्रपटात बिचारा किती क्षण टिकतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल.

विमानांची हुबेहूब मॉडेलं करणारे आमचे एक स्नेही म्हणतात, काळं-जांभळं एफ-१५ जगात कुठे असतं? मी त्यांना जपानकडे बोट दाखवतो. जपानच्या हवाई दलात एक खास तुकडी आहे. सरावात शत्रूची भूमिका करणं हे तिचं काम. तिची एफ-१५ विमानं मुद्दाम हिरव्या, तपकिरी, काळ्या ठिगळांनी रंगवलेली असतात, म्हणजे आकाशात बघताक्षणी कळावं की हा समोरच्या पक्षातला. तेच विमान, तोच कारखाना, रंग बदलला की खलनायक. हॅस्ब्रोने यापेक्षा वेगळं काय केलं?

आणि लांब कशाला जायचं? आपल्या न्यूझीलंडच्या हवाई दलाने १९७० साली १४ स्कायहॉक विमानं घेतली. पुढे १९८४ साली, म्हणजे आमचे तिघे भाऊ दुकानात आले त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने वापरलेली आणखी १० घेतली. कांगारूच्या जागी किवी आला आणि विमानं आपली झाली. त्यांना कुणी कॉपी म्हटलं नाही. डिसेंबर २००१ मध्ये ती तुकडीच बंद झाली आणि तेव्हापासून या देशाकडे लढाऊ जेट नाही. साठवणीत काही स्कायहॉकवर पांढरं रबरी आवरण फवारून ठेवलं होतं, पुढे आठ विमानं अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीने नेली. ऑकलंडच्या मोटॅट संग्रहालयात एक उभं आहे. मुलांना घेऊन जा, आणि रंगाच्या थराकडे नीट बघा.

तर निकाल असा, की स्टारस्क्रीम गेला. वेलिंग्टनच्या एका तरुणाने तो ट्रेड मी वर घेतला. मुलीला मान्य नाही, बायकोला दोन्ही गेले असते तर जास्त आवडलं असतं. किंमत बरी आली, कारण फिक्या रंगाचा असूनही तो पिवळा पडलेला नव्हता. नव्याने जमवायला लागलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. इथल्या उन्हाळ्यात अतिनील किरणांची तीव्रता उत्तर गोलार्धातल्या त्याच अक्षांशांपेक्षा जवळजवळ ४० टक्क्यांनी जास्त असते. आपण सनस्क्रीन लावतो, खेळणी लावत नाहीत. पांढरं आणि करडं प्लॅस्टिक खिडकीशी ठेवलंत तर काही वर्षांत त्याला जुन्या दातांची कळा येते. काळ्याचं तसं चटकन दिसत नाही, तरी मी त्याला उत्तरेच्या खिडकीपासून लांबच ठेवतो.

आता थंडरक्रॅकरचा प्रश्न उरतो. कॉमिक्समध्ये पुढे तो लढाई सोडून पृथ्वीवरच राहिला, बस्टर नावाचं कुत्रं पाळलं आणि चित्रपटांच्या पटकथा लिहू लागला. वाईट लिहितो, पण मनापासून लिहितो. इतक्या गोड माणसाला घरी आणायला मला आवडेल. पण या साच्यात त्याचा निळा मला पटत नाही. धड उजळ नाही, धड गडद नाही, आणि त्या पिशव्या पुन्हा दिसायला लागतात. तो नवीन साच्यात बघेन म्हणतो. कपाटात जागा आहे का, हे मात्र मी अजून घरी विचारलेलं नाही.