शार्त्रचे कॅथीड्रल : काजळी आणि प्रकाश

गॉथिक वास्तुशैलीशी आपल्या विद्यार्थ्यांचा परिचय बहुधा मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमुळे झालेला असतो. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने आखलेली ती एकोणिसाव्या शतकातील वास्तू देखणी आहे, यात शंका नाही. परंतु तीवरून गॉथिक म्हणजे टोकदार कमानी व कोरीव नक्षी यांचा एक साज होय, असा ग्रह होतो. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलमध्ये पाऊल टाकताच तो टिकत नाही. तेथे टोकदार कमान ही शोभा नसून युक्ती आहे.

अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीने बांधलेली असते. टोकदार कमानीस ते बंधन नाही, आणि तिचा बाजूंवरील रेटाही कमी. छताचा भार दगडी फासळ्यांवरून खांबांवर उतरतो. बाहेर ढकलू पाहणारा रेटा अधांतरी कमानींच्या वाटे इमारतीबाहेरच्या भक्कम धिऱ्यांवर सोपविला जातो. मग भिंतीला फारसे काम उरत नाही. आणि जिला काम नाही ती भिंत काचेची का असू नये? शार्त्रच्या अनाम स्थपतीने हा प्रश्न शेवटास नेला. इ.स. ११९४ च्या आगीनंतर त्याने सुमारे ३७ मीटर उंचीचे छत उभारले, खालच्या कमानींवर प्रशस्त सज्जा बांधण्याची रूढ पद्धत टाकून दिली आणि वरच्या खिडक्या जवळजवळ खालच्या कमानींच्या उंचीच्या केल्या. सुमारे पाव शतकात मुख्य काम पार पडले. हा वेग लक्षात घेतला म्हणजे वास्तूत जो एकजीवपणा जाणवतो त्याचा उलगडा होतो.

काचचित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आगीतून वाचलेली बाराव्या शतकातील निळी काच आणि तिच्या शेजारची तेराव्या शतकातील अधिक गडद काच यांतील भेद कोणत्याही छायाचित्रात उतरत नाही, एवढेच येथे म्हणतो. खिडक्यांच्या तळाशी पाव भाजणारे, जोडे शिवणारे, मांस विकणारे लोक चित्रित आहेत. हे त्या त्या व्यवसायसंघांनी दिलेले दान, असे दीर्घकाळ मानले जाई. जेन वेल्च विल्यम्स यांनी १९९३ मध्ये या समजुतीस धक्का दिला : ही चित्रे धर्माधिकाऱ्यांना हवी असलेली नगराची प्रतिमा दाखवितात, असा त्यांचा आशय. त्यांचा पक्ष मला अधिक सबळ वाटतो.

परंतु आज शार्त्रविषयी खरा वाद आहे तो भिंतींचा. २००९ पासून अंतर्भागाची सफाई हाती घेण्यात आली. काजळीखाली तेराव्या शतकातील पिवळसर लेप आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेले खोटे सांधे सापडले; त्यांना अनुसरून भिंती पुन्हा उजळ करण्यात आल्या. २०१४ मध्ये अमेरिकन समीक्षक मार्टिन फिलर याने या कामावर कडक टीका केली. मध्ययुगीन कलेच्या काही अभ्यासकांनी त्यास उत्तर दिले. ज्या गूढ अंधारावर पिढ्यान्‌पिढ्या प्रवासी लुब्ध झाले, तो अंधार बव्हंशी धुराचा होता, हे मान्य करणे जड जाते खरे. मलाही जड गेले. शिवाय एक अडचण माझ्याच विधानास लागू पडते. कमान ही युक्ती आहे, असे वर म्हटले; पण ज्या दगडांनी ती साधली ते दगडच त्या कारागिरांनी लेपाखाली झाकले, आणि त्यावर रेखलेले सांधे खऱ्या सांध्यांशी जुळत नाहीत! उघड्या दगडाच्या प्रामाणिकपणाचे कौतुक आपले आहे, त्यांचे नव्हे. तेव्हा भिंतींपुरता मी जीर्णोद्धारकांच्या बाजूचा आहे.

स्तंभावरील मेरीच्या काष्ठमूर्तीविषयी मात्र तसे म्हणवत नाही. काळी माता म्हणून जिच्यापुढे शतकानुशतके मेणबत्त्या लागल्या, तिचा चेहरा याच तर्काने गोरा रंगविण्यात आला. पुरावा तसाच, पद्धत तशीच. पण भिंतीपुढे कोणी गुडघे टेकले नव्हते. या मूर्तीचा काळेपणा हा त्या मेणबत्त्यांचाच लेख होता, आणि तो पुसताना कोणत्या शतकाची मूर्ती आपण परत मिळविली व कोणत्या शतकांची घालविली, याचा हिशेब जीर्णोद्धारकांनी मांडलेला मला आढळला नाही.