शंभर मीटरांपलीकडची डबी

साखर कारखान्याच्या वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंतचं अंतर सहज ४०० मीटर असू शकतं. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन लगेच आतल्या संगणकावर उमटायला हवं. पण तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. मग मधलं अंतर फायबरनं जोडायचं आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर बसवायचा. तळहातावर मावणारी पत्र्याची डबी: एका अंगाला आरजे-४५चं तोंड, दुसऱ्या अंगाला फायबरची दोन भोकं, वर चार-सहा दिवे. घेताना बहुतेक जण किंमत आणि वेग एवढंच विचारतात. पण या डबीत जी नजाकत आहे ती एकदा दिसली, की कोणती डबी घ्यावी हेही त्याच नजरेला कळू लागतं.

आधी तांब्याची बाजू पाहू. १९९९ साली प्रमाणित झालेल्या १०००बेस-टी या गिगाबिट पद्धतीत केबलच्या चारही जोड्या एकदम राबतात आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते. दर जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी स्पंदनं, आणि प्रत्येक स्पंदन व्होल्टेजच्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर. स्वतःचा संदेश आणि पलीकडून येणारा क्षीण संदेश त्याच तारांत मिसळलेले असतात. आपण काय पाठवलं हे डबीतल्या चिपला ठाऊक असतं. त्याचा प्रतिध्वनी ती वजा करते आणि उरतं ते पलीकडचं बोलणं. ही वजाबाकी निरोप नसतानाही अखंड चालू असते. पाच पायऱ्यांच्या त्या गलबल्यातून एकही बिट न सांडता बाहेर येणं, हे या बाजूचं कसब.

काचेच्या बाजूला पोचताना मांडणी पार बदलते. इथे प्रकाश फक्त प्रखर किंवा मंद. पण शून्यांची लांबच लांब रांग आली तर समोरच्याला ठेका कसा सापडणार? म्हणून दर आठ बिटांसाठी दहा बिटांचा संकेत पाठवतात. तो असा निवडलेला, की एकसारखे बिट सलग पाचपेक्षा जास्त कधी येत नाहीत आणि शून्यं नि एक यांचं पारडं सतत समतोल राहतं. एका संकेतात 'एक' जास्त झाले, तर पुढचा असमतोल संकेत शून्यांच्या बाजूनं झुकणारा निवडला जातो. त्यासाठी सेकंदाला सव्वाशे कोटी स्पंदनं पाठवावी लागतात. एक पंचमांश खर्च केवळ ठेका आणि तोल सांभाळण्याचा. एवढी उलथापालथ होऊनही मूळ फ्रेम, तिचे पत्ते आणि तिचा मजकूर जसाच्या तसा पलीकडे उतरतो. साधा कन्व्हर्टर त्यावर आपलं नावसुद्धा टाकत नाही.

आता काच. मल्टिमोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉन, सिंगलमोडचा सुमारे ९. ८५० नॅनोमीटरची एसएक्स जोडणी ५० मायक्रॉनच्या चांगल्या फायबरवर ५५० मीटर जाते, जुन्या ६२.५च्या फायबरवर फार तर २७५. आपल्या ४०० मीटरांचा निकाल इथेच लागतो: जमिनीत आधीपासून कोणतं फायबर आहे ते पाहिल्याशिवाय डबी घेऊ नये. नवं टाकायचं असेल तर सिंगलमोड आणि १३१० नॅनोमीटर. एकच धागा मोकळा असेल तर एका टोकाकडून १३१० आणि दुसऱ्याकडून १५५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडणाऱ्या जोडीच्या डब्या मिळतात. एकाच धाग्यात दोन रंग समोरासमोर येतात आणि एकमेकांना न अडवता पार होतात. शिवाय काच वीज वाहत नाही. दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक तिच्यातून पलीकडे जात नाही. केबलला धातूचं चिलखत असेल तर त्याचं अर्थिंग मात्र नीट हवं.

प्रकाशाचा हिशेबही मोठा देखणा असतो. नेहमीच्या मॉड्यूलचा लेसर किमान उणे ९.५ डीबीएम देतो आणि समोरच्याला उणे २० पर्यंत ऐकू येतं. म्हणजे हाताशी १०.५ डीबी. ४०० मीटर काचेत जेमतेम ०.२ जातात, दोन कनेक्टरांत धरून चालू १, दोन स्प्लाइसमध्ये ०.२. नऊ डीबी शिल्लक. मग जास्त ताकदीचं घ्यावं का? नाही. ८० किलोमीटरसाठीचं मॉड्यूल इतक्या जवळ लावलं तर समोरचा रिसीव्हर दिपून जातो. अंतराला बेतून घेतलेला प्रकाश हीच इथली शोभा. म्हणून मॉड्यूल बदलता येणारी एसएफपी खाच असलेली डबी मला अधिक पसंत.

वेगाचं एक मर्म सहज निसटतं. निव्वळ रूपांतर करणारी गिगाबिट डबी दोन्हीकडे गिगाबिटच मागते. १०० मेगाबिटचा जुना कॅमेरा जोडला तर दिवाच लागत नाही. तिथे आतून दोन पोर्टांचा स्विच असलेली डबी हवी. ती फ्रेम पूर्ण घेते, तपासते, सदोष असेल तर टाकून देते आणि मगच पुढे धाडते. १०० मेगाबिटला १५१८ बाइटची फ्रेम भरून घ्यायला सुमारे १२१ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या विलंबात दोन वेगांचा मेळ बसतो.

आणि सर्वांत सूक्ष्म जागा आहे ती तुटलेल्या धाग्याची. फायबर तुटलं, तरी साध्या डबीची तांब्याची बाजू हिरवा दिवा दाखवत राहते आणि मागचा स्विच निरोप पोकळीत ओतत राहतो. चांगली डबी काच तुटताच आपली तांब्याची बाजूही पाडते, आणि स्विच तत्काळ पर्यायी वाट धरतो. त्याहून नाजूक प्रसंग दोनपैकी एकच धागा तुटण्याचा: पाठवणाऱ्याला तर सगळं ठीक दिसतं. १९९५च्या १००बेस-एफएक्स प्रमाणात यावर जो उपाय आहे, तो मला या साऱ्या तंत्रातला सर्वांत सुंदर वाटतो. निरोप नसताना काचेवर अखंड 'एक' वाहत असतात. ज्या टोकाला ऐकू येईनासं होतं, ते ८४ एकांनंतर एकच शून्य घालतं, आणि हे निदान तीनदा. त्या अखंड ओळीत विरामासारख्या पडलेल्या शून्यांवरून पलीकडच्याला उमगतं, की आपलं बोलणं पोचत नाही.

म्हणून घेण्याआधी दोन डब्या फायबरनं जोडून पाहाव्यात आणि एकच धागा उपसावा. दोन्ही टोकांचे तांब्याकडचे दिवे विझले, तर ती जोडी वजनकाट्यावर लावण्याजोगी आहे.