शिवकालीन आरमार व अणुपाणबुडी : एका तुलनेचें परीक्षण

वालावल गांवावरून वाहणारी कर्ली नदी तारकर्ली-देवबागेपाशीं समुद्रास मिळते. त्याच तारकर्लीस ४ डिसेंबर २०२३ रोजीं नौदलदिन साजरा झाला. अशा प्रसंगीं 'अरिहंत' पाणबुडीस शिवछत्रपतींच्या आरमाराची थेट वारस म्हणण्याचा मोह लेखकांस होतो. आम्हांस ही तुलना साधार वाटत नाहीं.

गुराबा-गलबतें उथळ तळाचीं, खाड्यांचा आसरा घेणारीं. त्यांचा दरारा दिसण्यांत होता. २०१६ सालीं नौदलांत दाखल झालेल्या 'अरिहंत'चें सामर्थ्य न दिसण्यांत आहे. अणुभट्टीस हवा लागत नाहीं, म्हणून ती दीर्घकाळ पाण्याखालीं राहते. शत्रूनें प्रथम अण्वस्त्र टाकलें तरी प्रत्युत्तराची शक्ति शिल्लक उरावी, हेंच तिचें कार्य.

दुसरा भेद साधनांचा. १६६५ च्या बसरूरच्या स्वारीसंबंधीं बखरी व इंग्रज वखारीचीं पत्रें ताडून पाहतां येतात. पाणबुड्यांचे कागद मात्र मोहोरबंद आहेत. २०२२ सालीं नौदलाच्या निशाणावर शिवमुद्रेवरून प्रेरित अष्टकोन आला, हा गौरव खरा. पण तो वंशावळीचा पुरावा नव्हे. कागद खुले होईपर्यंत अनुमानाची नोंद अनुमान म्हणूनच व्हावी, हें उचित.