बाजार भरतो, पण झाडतो कोण?

आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला सॉफ्टवेअरशी काय देणंघेणं? उत्तर सोपं आहे. जिथे माणसं पगाराशिवाय आणि हुकमाशिवाय एकत्र काम करतात, तिथे कर्तव्य येतं कुठून, हा प्रश्न उघडा पडतो. आणि तो आमचा जुना प्रश्न आहे.

एरिक रेमंड यांचा 'द कॅथीड्रल अँड द बझार' हा निबंध १९९७ सालचा. मुक्त-स्रोत चळवळीत त्याला पोथीचा मान आहे. मांडणी अशी : मोजक्या कारागिरांनी बंद दाराआड प्रार्थनामंदिर उभारावं, तसं सॉफ्टवेअर करण्याची एक रीत. दुसरी रीत गजबजलेल्या बाजाराची, म्हणजे लिनक्सची. काम अर्धवट असतानाच लोकांसमोर ठेवा, वापरणाऱ्याला सहकारी माना. पाहणारे डोळे पुरेसे असले, की कुठलीही चूक फार काळ दडून राहत नाही. या निबंधाचं ऋण नाकारण्यात अर्थ नाही. १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा स्रोत खुला करायचं ठरवलं, त्यात त्याचा वाटा होता.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या निबंधात डोळे पुष्कळ आहेत, खांदे फार थोडे. पाहणं आणि पत्करणं या दोन क्रिया आहेत. हजार लोकांना पाहता येतं, म्हणून त्यांतल्या एकानेही पाहण्याचं पत्करलेलं असतं असं नाही. 'कुणीही करू शकतो' याचा अर्थ व्यवहारात पुष्कळदा 'कुणीच करत नाही' असा होतो, बरं का.

२०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' नावाची चूक उघड झाली. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांचं कुलूप आहे, आणि त्या कुलपातली ही फट दोन वर्षं सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. जगाचं कुलूप सांभाळायला पूर्णवेळ माणूस होता जेमतेम एक.

दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, गोष्ट याहून पुढे गेली. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं साधन. ते वर्षानुवर्षं एकच गृहस्थ फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. ते थकले होते, तसं त्यांनी मोकळेपणाने लिहिलंही होतं. त्यावर तगादा आला : सुधारणा केव्हा, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. मदतीला एक कष्टाळू माणूस पुढे आला, दोनेक वर्षं चोख काम करत राहिला, हळूहळू त्याच्याकडे अधिकार आले. आणि मग त्यानेच त्यात चोरदरवाजा बसवला. ते नाव बहुधा टोपणनावच होतं.

आता निबंधातला एक धडा आठवा. आपला रस संपला, तर काम एखाद्या लायक वारसाच्या हाती सोपवणं हे आपलं अखेरचं कर्तव्य, असं रेमंड सांगतात. एक्सझेडच्या गृहस्थांनी याहून वेगळं काय केलं? वारस लायक दिसत होता. लायकी पारखायची कुणी आणि कशी, याबद्दल हा धडा काही सांगत नाही.

रेमंड यांच्या बाजूने कुणी म्हणेल, चोरदरवाजा सापडला तो एका परक्या डोळ्यालाच ना? खरं आहे. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्याने माग काढला. पण ते त्याला कुणी सोपवलेलं काम नव्हतं. ज्या व्यवस्थेची अब्रू एका माणसाच्या चिकाटीने योगायोगाने वाचते, तिला व्यवस्था म्हणावं का?

मग सक्ती करायची? नाही. आपल्या गावगाड्यात कामं वाटलेली होती, पण ती जन्माने चिकटत आणि खाली ठेवण्याची मुभा नव्हती. तिथे कर्तव्य होतं, स्वातंत्र्य नव्हतं. तो रस्ता आपल्याला नको.

डेबियन प्रकल्पाने १९९८ मध्येच आपली लिखित घटना केली. कुणावरही काम करण्याचं बंधन नाही, असं ती स्पष्ट सांगते. पण त्याचबरोबर कुठला निर्णय कुणी घ्यायचा हेही ठरवते, आणि नेता दरवर्षी निवडून येतो. पायथॉन भाषेचे जनक गीदो व्हॅन रॉसम यांना गमतीने 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणत. एका प्रस्तावावरच्या कडवट वादानंतर २०१८ च्या जुलैमध्ये ते त्या पदावरून पायउतार झाले. त्यांनी वारस नेमला नाही. समुदायाने चर्चा करून पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ उभं केलं. एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनापेक्षा जास्त सदस्य त्यात नसावेत, असा नियमही केला. रेमंड यांच्या धड्याला हे खरं उत्तर आहे, असं आम्हाला वाटतं. ओझं उतरवायचं ते माणसाच्या डोक्यावर नव्हे, पदावर. आणि पद असं हवं की थकलेल्याला ते लाज न वाटता सोडता यावं.

निवृत्तीनंतर आम्ही एका लहान वाचनालयाच्या कार्यकारिणीत होतो. पुस्तकांची यादी एकच गृहस्थ ठेवत, विनामूल्य. ते आजारी पडले तेव्हा यादी कुठे अडली म्हणून तीन पत्रं आली. प्रकृती कशी आहे, असं विचारणारं एकही नव्हतं. त्यांतलं एक पत्र आमचं होतं.

म्हणून रेमंड यांच्या बाजारात आम्हाला एक भूमिका जोडावीशी वाटते, ती फुकट वापरणाऱ्याची. त्याला चूक दाखवण्याचा हक्क आहे, तगादा लावण्याचा नाही. आणि दाखवण्याआधी त्याने एवढं तरी विचारावं, की तुम्ही कसे आहात, आणि यातलं थोडं आम्ही उचलू का?