स्कॉटलंडांतील सक्तीची सैन्यभरती : दप्तराची साक्ष
स्कॉटलंडच्या प्रिव्ही कौन्सिलच्या दप्तराची दुसरी मालिका डेव्हिड मॅसन यांनीं १८९९ सालीं छापण्यास आरंभ केला. तींतील १६२६–२८ चे कागद आम्हांस विशेष मोलाचे वाटतात. १६२६ सालीं सर डोनाल्ड मॅके यांनीं मान्सफेल्डसाठीं फौज उभारली. ती पुढें डेन्मार्कच्या राजाच्या चाकरींत गेली. १६२७ सालीं निथ्सडेल, स्पायनी व सिंक्लेअर या तिघांस त्याच राजासाठीं प्रत्येकीं ३,००० माणसें जमविण्याची परवानगी मिळाली. राजीखुषीचीं माणसें पुरेनात, म्हणून भटक्या व निरुद्योगी लोकांस धरण्याची मुभा झाली. तिच्या आडून इतरही धरले गेले, आणि तक्रारी कौन्सिलापुढें आल्या.

मॅकेच्या पलटणींतील रॉबर्ट मन्रो यांच्या १६३७ च्या ग्रंथाचा रोख पराक्रमाकडे व कीर्तीकडे आहे. धरून नेलेल्यांच्या घरची बाजू पाहावयाची तर दप्तरच उघडलें पाहिजे.

तथापि तक्रारअर्ज हेंही एका पक्षाचेंच म्हणणें, आणि तेंही कारकुनाच्या ठराविक मसुद्यांत उतरलेलें. शिवाय ज्याला कौन्सिलापर्यंत पोंचतांच आलें नाहीं, त्याची नोंद कोठून असणार? म्हणून केवळ अर्ज मोजून जुलुमाचें प्रमाण ठरविणें आम्हांस मान्य नाहीं.

संग्राहकांस एवढेंच सुचवितों : मोर्तबाची सनद सर्वच जपतात, अर्जाचा कपटा रद्दींत जातो. सनदेवरून हुकूम कळतो. तो अमलांत कसा आला, हें त्या कपट्यावरूनच कळतें.