फॉकलंड रोड, कॅमेरा आणि आपण

मेरी एलन मार्क या अमेरिकन बाईचं 'फॉकलंड रोड' हे फोटोंचं पुस्तक १९८१ साली आलं. मुंबईच्या वेश्यावस्तीतले रंगीत फोटो. आपल्यातले काही दोस्त म्हणतात, गोऱ्या बाईनं आपल्या आयाबहिणींची अब्रू गुळगुळीत कागदावर विकली, जाळा ते पुस्तक. मी म्हणतो, आधी बघा, मग काडी ओढा.

ही बाई चार फोटो मारून विमानात बसली नाही. दहा वर्षं ती या रस्त्यावर हेलपाटे घालत होती. बायांनी तिच्या अंगावर कचरा फेकला, पाणी ओतलं, चिमटे काढले. बरोबरच केलं! १९७८ साली ती परत आली, रोज जात राहिली, तेव्हा कुठं दारं उघडली. म्हणून या बाया चोरून टिपल्यासारख्या वाटत नाहीत. सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघतात. रंगवलेल्या भिंती, आरसा, खाटेभोवती कापडाचा पडदा. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे, माझी नजर आधी त्या कापडावर गेली. दोन खाटांत भिंत नाही, नुसतं कापड. त्याच्याआड बाई धंदा करते, तिथंच झोपते. पांढरपेशांच्या कथांतली वेश्या एकतर देवी, नाहीतर पापीण. इथं ती केस विंचरते, खिदळते, कंटाळते. हे मोठं काम आहे, मान्य करा.

पण फोटोत जात दिसत नाही. पिंजऱ्याचे गज दिसतात, पिंजऱ्यापर्यंतचा रस्ता दिसत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या पोरी, बहुतेक आपल्याच महारामांगांच्या, इथवर कशा आल्या? ते बाबासाहेबांना ठाऊक होतं. १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायांची सभा झाली, तिथं त्यांनी हा धंदा सोडा म्हणून तोंडावर सांगितलं. मार्कबाई दया दाखवत नाही हे चांगलं, पण जाबही विचारत नाही. नामदेव ढसाळांनी त्याच पट्ट्यातला 'गोलपिठा' १९७२ सालीच मांडला होता. तो आतून आला, म्हणून त्यात जाब आहे.

आणि रस्त्याचं नाव? आता पठ्ठे बापूराव मार्ग. बापूराव कुलकर्ण्यांचे, त्यांच्याबरोबर नाचली ती पवळा महाराची. पाटीवर पवळा नाही. बघा म्हणजे!

एका गोष्टीवर मात्र मी हटणार नाही. पुस्तकात तेरा वर्षांच्या पोरीसुद्धा आहेत, उघड्या चेहऱ्यानं. त्या वयाच्या पोरीनं 'काढ फोटो' म्हटलं तर ती परवानगी कसली? बाईनं दहा वर्षं विश्वास कमावला तो मोठ्यांचा. पोरींच्या वतीनं हो म्हणायला तिथं घरवाली होती, आई नव्हती. अभ्यासवर्गात पुस्तक जरूर फिरवा, त्यावर भांडा. पण ती पानं आपल्या अंकात कोणी छापायला काढली तर स्टेन्सिल मी फाडीन.